गोळी आणि मिसळ यांच्यामधला अर्धा तास

पित्तासाठी डॉक्टरनी गोळी दिली, म्हणाले सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. कोल्हापुरात सकाळी अर्धा तास काही न खाता राहून दाखवा, मग बोलूया.

गोळी घशाखाली उतरते न उतरते तोच अख्खं गाव खायला घालायला उठतं. आई म्हणते, "चहा तरी घे रे, चहा काय खाणं असतंय व्हय?" शेजारच्या काकी पोह्याची ताटली घेऊन दारात. मित्राचा फोन, "भावा खाली ये, गाडीवर बस, मिसळ खाऊन येऊ." गोळी घेतलीय म्हटलं तर म्हणतो, "मग काय झालं, आधी गोळी का आधी मिसळ, पोटात एकच की!" आणि आण्णांचं वेगळंच, गोळ्या कसल्या गिळतोस, गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पी. आता दुधानं आधी बरं वाटतं हे खरं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रोटीन पोटाला उलट आणखी ॲसिड सोडायला लावतं. हे मी आण्णांना सांगितलं. त्यांनी तालमीतल्या दिवसांपासून सुरुवात केली. त्यात माझा निम्मा वेळ सरला, तेवढाच फायदा.

अर्धा तासच का, हे बी.फार्म करणाऱ्या पुतणीनं समजावलं. जठरात ॲसिड बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या पातळ आवरणात प्रोटीनचे पंप बसवलेले असतात, प्रोटॉन पंप. हा पंप म्हणजे गच्च भरलेल्या केएमटीच्या दारातला कंडक्टर. बस म्हणजे जठराची पोकळी, तिथं पेशीच्या आतल्यापेक्षा हायड्रोजनची गर्दी जवळजवळ 10 लाख पट, तरी हा गडी एक पोटॅशियम खाली ओढतो आणि त्याच्या जागी एक हायड्रोजन आत कोंबतो. गर्दीच्या उलट ढकलायचं म्हणजे फुकट होत नाही, त्यासाठी पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, जाळावं लागतं. क्लोराईड दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं, दोघं भेटले की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार, आणि आपण म्हणतो रात्रीचा तांबडा रस्सा बाधला.

खरी गंमत पुढं आहे. पोट रिकामं असताना हे पंप बरेचसे पेशीच्या आत बारक्या पिशव्यांत झोपलेले असतात, खाणं आलं की उठून आवरणावर येतात. गोळी पोटातनं सरळ त्यांच्याकडं जातच नाही, ती आतड्यात विरघळते, रक्तातनं मागच्या दारानं पेशीत शिरते, आणि जिथं ॲसिड बनत असतं तिथंच तिचं रूप बदलून ती पंपाला कायमची चिकटते. रक्तात ती काही तासच टिकते. तेवढ्यात जो पंप जागा तो सापडला, झोपलेला वाचला. म्हणून गोळी रक्तात पोचायला आणि पंप जागे व्हायला एकच वेळ साधायची. सापडलेल्या पंपाच्या जागी पेशीला नवीन बनवायला लागतो, म्हणून एक गोळी दिवसभर पुरते. या जातीची पहिली गोळी ओमेप्राझोल, 1988 साली बाजारात आली. आमचे मेहुणे मात्र ती मटणावर बडीशेपेच्या जागी खातात आणि वर म्हणतात, कंपनीत दम राहिला नाही.

मग माझं डोकं चाललं. पावलोवनं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलंय, अन्न पोटात नाही पोचलं तरी जठररस सुटतो. म्हणजे तर्रीच्या नुसत्या वासानं पंप जागे होणार, म्हणजे गोळी घेऊन मिसळीच्या दुकानात जाऊन बसणं हा उपचाराचाच भाग झाला की नाही? पुतणी म्हणाली, "काका, वास घ्या की, पण ऑर्डर कितव्या मिनिटाला दिली ते सांगा."

आता रविवारी ऑर्डर दिल्यापासून प्लेट टेबलावर यायला किती वेळ लागतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको, तो वेळ अर्ध्या तासात धरायचा का नाही यावर आमचं एकमत व्हायचंय. तोपर्यंत मित्रानं कटाची दुसरी वाटी आणि स्लाइस मागवलेत, माझ्या नावावर.