रिफॅम्पिसिन बंद केल्यानंतरचे दोन आठवडे

औषधं आणि यकृतातली एन्झाइम्स (औषधं मोडून टाकणारी प्रथिनं) यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘काही औषधं यकृतातल्या एन्झाइम्सना चेतवतात’ हे वाक्य थोडं खटकलं. आहे त्या एन्झाइमचा वेग वाढत नाही, त्याची संख्या वाढते. टीबीवरचं रिफॅम्पिसिन (लघवी केशरी करणारं तेच) यकृताच्या पेशीत पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला (औषधाची चाहूल घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. मग तो रिसेप्टर केंद्रकातल्या जनुकांना कामाला लावतो आणि सीवायपी३ए४सारखी एन्झाइम्स जास्त बनू लागतात. नवं प्रथिन बनायचं म्हणजे वेळ लागणारच, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला साधारण एक-दोन आठवडे जातात.

एन्झाइम वाढलं की ते बाकीच्या औषधांचाही फडशा पाडतं. गर्भनिरोधक गोळ्या रोज नेमाने घेऊनही भरवशाच्या राहत नाहीत. टीबीची गोळी देताना हे प्रत्येक बाईला स्पष्ट सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

लेखात एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे उलटा प्रवास. माझे मामा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत होते. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर वॉरफरिनचा डोस वाढवावा लागला. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला, पण डोस तसाच राहिला. जास्तीचं एन्झाइम दोनेक आठवड्यांत ओसरतं, मग तोच डोस जड होतो. मामांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्ही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) तपासायला धावलो.

बाकी, सिगारेटच्या धुरानेही सीवायपी१ए२ हे कॉफीतलं कॅफीन मोडणारं एन्झाइम वाढतं. सिगारेट सोडलेल्यांना नेहमीचीच कॉफी जास्त चढते ती त्यामुळेच!