अपॉइंटमेंट देता कशाला मग?

डॉक्टर लोकांबद्दल राग नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर "डॉक्टर पण माणूसच आहे" म्हणत चार जण धावून येतील. आहे ना बाप्पा माणूस, पण मग बाहेर बाकड्यावर सकाळपासून बसलेला कोण आहे?

बाबांना शुगर आणि बीपी, दर काही महिन्यांनी यवतमाळला दाखवावं लागते. फोन करून नंबर लावायचा, तिकडून सांगतात अकराला या, लेट करू नका. तिथं पोचलं की कळते अकरा हा टाइम बाबांचा एकट्याचा नाहीच, दारव्ह्याच्या काकूला पण अकरा, दिग्रसच्या भाऊंना पण अकरा, घाटंजीहून लेकरू घेऊन आलेल्या बाईला पण अकराच. आणि साहेब राउंडवर, मग एक ऑपरेशन, मग जेवण. म्हणजे साहेबांचा एक मिनिट रिकामा जाऊ नये म्हणून सगळ्यांना एकदमच बोलावून ठेवायचं, आमचा दिवस गेला तर गेला. काउंटरवरच्या पोरीवर चिडून पण उपयोग नाही, तिलाच माहीत नसते साहेब कधी येतील, ती बिचारी काउंटरखाली डबा उघडून दोन घास खात खात "येतीलच आता" म्हणत राहते. तेवढ्यात टाय लावलेला औषध कंपनीचा एमआर बॅग घेऊन सरळ आत. त्याला नंबर लागत नाही.

शहरातल्या माणसाला दोन तास उशीर म्हणजे दोन तासच उशीर. आमची इकडची सकाळची गाडी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही, आणि संध्याकाळची शेवटची एसटी गेली की स्पेशल ऑटो करा नाहीतर पाहुण्याकडं मुक्काम ठोका. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, म्हणजे बाबा फुकट आणि आई अर्ध्यात, चांगलंच झालं, पण गाडीच गेल्यावर त्या सवलतीचं काय लोणचं घालू? सोंगणी-वेचणीच्या दिवसात तर विचारूच नका, तुम्ही वावरात नाही दिसले की मजूर दुसऱ्याच्या वावरात गेलेच समजा.

शुगरच्या पेशंटचे हाल अजून वेगळे. उपाशीपोटी रक्त द्या, मग जेवा, मग दोन तासांनी परत रक्त द्या, लॅबवाल्याचं काम एकदम घड्याळावर. मागच्या खेपेला बाबांनी रक्त देऊन डब्यातली भाकर खाल्ली, गोळी घेतली, दुसरं रक्त पण दिलं आणि रिपोर्ट घेऊन बसले. दुपार टळली तरी नंबर नाही. जेवायला बाहेर जावं तर तेवढ्यात नाव पुकारतील आणि मग सगळ्यात शेवटी टाकतील ही भीती. पाठीवर हात ठेवला तर बंडी घामानं ओलीचिंब, हात थरथरून राहिले, बोलणं एकीकडचं एकीकडं. शुगरच्याच डॉक्टरच्या दारात शुगर लो झाली! दारव्ह्याच्या काकूनं पिशवीतून गुळाचा खडा काढून तोंडात दिला, मी धावत जाऊन गोड चहा आणला, आणि जरा तरतरी आली तर बाबा मलेच म्हणते, "कायी नाई झालं रे, बस तू खाली, नंबर जाईन."

इमर्जन्सी आली तर कोणाचीच हरकत नाही. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, तसा पेशंट आला तर त्याला आधी घ्या, दिवसभर घ्या, आम्ही बसतो. पण इमर्जन्सी रोज अकरालाच येते का?

महाराष्ट्रात 2021 पासून खाजगी दवाखान्यात रुग्ण हक्कांची सनद लावायची आहे, चांगली आहे, बसल्या बसल्या वाचून पाठ झाली, पण दिलेली वेळ पाळा अशी ओळ काही तिच्यात सापडली नाही. कोणी म्हणेल सरकारीत जा. तिथं आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन केला की केसपेपरचा टोकन मिळते, तेवढी लाइन वाचते, डॉक्टरच्या खोलीबाहेरची लाइन आहे तशीच. पण निदान तिथं कोणी टाइम देऊन बोलावत नाही, आले तसे बसा, मामला साफ.

आणि फार मोठं काही मागत नाही हो. गावातला कृषी केंद्रवाला युरियाची गाडी उतरली की ग्रुपवर मेसेज टाकते, गॅस सिलिंडरचा मेसेज येते, मग फोन नंबर लिहून घेणाऱ्या दवाखान्याला एक मेसेज जड जाते? अर्ध्यांना अकरा द्या, अर्ध्यांना तीन द्या. त्या दिवशी साहेब चारच्या आत बसणार नाहीत हे सकाळी कळलं असतं तर रक्त इथंच तालुक्याला देऊन, घरी पोटभर जेवून बाबा दुपारच्या गाडीनं निघाले असते आणि माझं अर्ध्या दिवसाचं फवारणीचं काम पण झालं असतं.