‘डायरेक्ट करून टाका’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली. बऱ्याच जणांनी तिला लाईक पण दिलाय म्हणून दोन ओळीत न उरकता जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या गाडीत एसीचा पंखा फक्त चार नंबरवरच चालतो एवढ्याशा फॉल्टसाठी मी रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी करणारी कॉइल) बदला, मोटर तपासा असं रामायण लावलंय, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपच्या भागात, कुठलाही वायरमन दीडशे रुपयात डायरेक्ट करून देतो, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज आहेच की मग भ्यायचं कशाला, आणि माझ्यासारखी पुस्तकी माणसं गरिबाला खर्चात घालतात. वर परत "कोल्हापुरात एसी लागतोयच कुणाला, काचा खाली करा".

उद्यमनगरच्या हुन्नराबद्दल आपलं भांडणच नाही हो, जो पार्ट कंपनी द्यायची बंद झाली तो तिथं लेथवर बनवून मिळतो. पण डायरेक्ट केलं म्हणजे नेमकं काय केलं हे कधी विचारलंय का? कारण त्यात दोन वेगळी कामं येतात. एकात रेझिस्टर बाजूला ठेवून मोटरला सरळ करंट देतात, मग पंखा एकाच स्पीडला, फुल्ल. जाड वायर आणि रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला असेल तर त्यात मला फार वावगं दिसत नाही, कानाला त्रास तेवढा. दुसऱ्यात रेझिस्टर तसाच ठेवतात आणि त्याच्यावरचा उडालेला थर्मल फ्यूज (फार तापलं की करंट तोडणारा) तारेनं जोडून टाकतात. चारही स्पीड परत, गिऱ्हाईक खूश, दीडशे रुपये वसूल. माझा विरोध आहे तो ह्या दुसऱ्याला.

आता तुमचा फ्यूजचा मुद्दा, जो वरवर बघितला तर बरोबरच वाटतो. एक ते तीन नंबरला करंट रेझिस्टरच्या कॉइलमधून जातो, चार नंबरला तो तिला वगळून थेट मोटरला जातो, म्हणूनच रेझिस्टर गेला की चार तेवढा उरतो. ही कॉइल तापणारच, तिचं कामच ते, म्हणून कंपनीनं ती पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेली असते. समजा मोटर जाम झाली. कॉइल धरा दोन ओहमची, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे करंट झाला 6 अँपिअर. बॉक्समधला ब्लोअरचा, म्हणजे ह्या पंख्याचा, फ्यूज 20 नाहीतर 30 अँपिअरचा, तो 6 ला कशाला उडतोय? त्याला कळतच नाही काय बिघडलंय. पण कॉइलमध्ये मात्र 72 वॅट उष्णता तयार होत राहते, म्हणजे सोल्डरिंगच्या दोन-तीन गनी डॅशबोर्डच्या आत चालू ठेवून दिल्यासारखं, आणि पंखाच फिरत नाही त्यामुळं थंड करायला वारा पण नाही. हे ओळखणारी एकच गोष्ट तिथं असते, तो थर्मल फ्यूज, आणि तोच आपण तारेनं बांधून टाकलेला.

मी घाबरवतोय म्हणता ना, मग इंग्लंडमधलं बघा. व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा बी गाड्यांना आगी लागायला लागल्या, 2015 मध्ये कंपनीनं दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, आणि कारण काय सांगितलं तर ब्लोअरच्या रेझिस्टरची आणि थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती. पुढं त्यावरनं तिथल्या संसदेच्या समितीनं कंपनीलाही झापलं, ते वेगळं.

बरं, थर्मल फ्यूज उडाला तो का उडाला हे बघायला नको? बहुतेक वेळा मोटर जड झालेली असते, म्हणजे बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते) कोरडे, आत धूळ, आणि जुन्या गाडीत केबिन फिल्टर नसेल तर वायपरखालच्या जाळीतनं आलेला झाडाचा पाला. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी ग्लोव्हबॉक्स उतरवून एकदा बघाच. 2019 आणि 2021 च्या पुरात सीटपर्यंत पाणी गेलेल्या गाड्यांची तर गोष्टच नको, ही मोटर बसते कुठं तर डाव्या बाजूला पायाच्या वर. अशी मोटर तशीच ठेवून नुसता नवीन रेझिस्टर बसवला तरी तो पण जाणार, मग लोक म्हणणार लोकल माल आहे.

खर्चाचं म्हणाल तर साध्या गाड्यांचा रेझिस्टर काही शेकड्यात मिळतो, आणि दोन-तीन स्क्रू काढले की हातात येतो. कनेक्टर काळा पडला असेल किंवा वितळला असेल तर तो पण बदला, लूज पिनवर परत तेच होतं.

आणि काचा खाली करायचं म्हणता, तर जुलैमध्ये गगनबावड्याला जाऊन करूळ घाट उतरा आणि काचा खाली करून दाखवा. आत पाऊस, समोरची काच आतनं धुरकट, त्यावेळी एसी लावून दोन नंबरचा वाराच काच साफ ठेवतो. कोल्हापुरात एसी थंडाव्याला कमी आणि ह्याला जास्त लागतो असं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

तुमच्या गाडीत डायरेक्ट केलंय असं तुम्हीच लिहिलंय. एकदा ग्लोव्हबॉक्स उतरवा, वायर रेझिस्टरच्या बाहेरनं गेलीय का थर्मल फ्यूजवरच टाका मारलाय ते बघा, फोटो टाका. टाका मारलेला असेल तर रेझिस्टर बदलेपर्यंत एक ते तीन नंबर वापरू नका.