निकालाच्या आधी एक पान

एक मेला आमच्या शाळेचा निकाल लागला. ध्वजवंदन झालं, राज्यगीत झालं, आणि प्रगतीपुस्तकं वाटायच्या आधी यंदा प्रत्येक मुलानं आपल्या घरच्यांसमोर बसून एक पान मोठ्यानं वाचलं. धड्यातलं नाही, पाठ केलेलं नाही, आधी कधी न बघितलेलं पान. वर्षभरात शाळेत जे काही घडलं त्यातली मला ही सगळ्यात मोठी बातमी वाटते. ती पेपरात यायची नाही, म्हणून इथं लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांची मुलं महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत आहेत त्यांनी सवडीनं पूर्ण वाचा.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, महापालिकेची, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. पट साठच्या आत, म्हणून शिक्षक दोनच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा, असं गणित आहे. त्यामुळं एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मॅडम दुसरीला वजाबाकी शिकवत असतात तेव्हा पहिली पाटीवर गिरवत असते, आणि पहिलीतल्या कुणाला मध्येच शंका आली तर वजाबाकी थांबते. आसपास यंत्रमाग. बऱ्याच आया विड्या वळतात. घरात तेलुगू, काही घरांत कन्नड. सोलापूरबाहेरच्यांना हे सांगितलं की नवल वाटतं, पण आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या आहेत, त्या काही उगाच नाहीत. मराठी शाळेत आलेल्या आमच्या निम्म्याअधिक पोरांना पहिलीत दोन कामं एकदम करायची असतात: मराठी बोलायला शिकायचं आणि तीच मराठी वाचायलाही शिकायचं. ‘मराठी शाळेत जाऊन मराठी येत नाही’ असं कुणी सहज बोलून जातं तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

वर्ष तसं भरगच्च गेलं. गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) संपल्यावर स्नेहसंमेलन झालं, पटांगणातच मांडव घालून. लेझीम झालं, मुलींनी बतुकम्मा, म्हणजे तेलुगू घरांतला फुलांच्या सणाचा फेर, केला, आणि पहिलीतली दोन पोरं स्टेजवर आईला बघून खाली पळत आली. वनभोजन झालं. आनंद मेळाव्यात चौथीच्या मुलांनी भेळ, लिंबू सरबत आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचे स्टॉल लावले. माझ्या मते आनंद मेळावा हा वर्षातला सगळ्यात चांगला गणिताचा तास. पन्नासच्या नोटेतून पस्तीस वजा करून परत द्यायचे, समोर गिऱ्हाईक उभं, मागं रांग. वहीत चुकणारी मुलंसुद्धा तिथं चुकत नाहीत.

स्नेहसंमेलनाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. भाड्यानं ड्रेस आणायचा खर्च कमी व्हावा एवढंच म्हणणं आहे. पण पालक शाळेत येतात ते वर्षातून दोनदाच, एकदा नाच बघायला आणि एकदा निकाल घ्यायला. आणि दोन्ही वेळा, आपलं मूल काय शिकलं हे त्यांना कळत नाही.

प्रगतीपुस्तक उघडून बघा. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिक, म्हणजे वर्गातलं तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, निरीक्षण; तीस संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस. त्याची श्रेणी होते, ७१ ते ८० ला ब-१, ८१ ते ९० ला अ-२, असं. विचार चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. सहा वर्षांच्या पोराला तीन तास पेपर लिहायला लावून नापास करण्यापेक्षा हजारपट बरा. पण पत्रकावर ‘भाषा : ब-१’ आणि खाली ‘वाचनाचा सराव आवश्यक’ एवढं बघून विडी वळणाऱ्या बाईनं काय समजायचं? वाचता येतं की नाही येत? सराव कशाचा, अक्षरांचा, जोडाक्षरांचा, की अर्थ लावायचा? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्याच मिळतात, सगळ्या विषयांचे सगळे रकाने भरायचे तर शिक्षक तरी काय करतील. आणि ज्या आईला मराठी अक्षरच येत नाही तिच्या हातात ते पुस्तक म्हणजे एक छापील कागद. सही कुठं करू, विचारते, सही करते, निघते.

पण तिला कान आहेत. मूल अडखळतं की सरळ वाचतं, हे ऐकून कळायला आईला वाचता यावं लागत नाही. यंदाचा सगळा उपक्रम उभा राहिला तो एवढ्याच गोष्टीवर.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सर आधी गप्प बसले. मग म्हणाले, करू, पण माईक नको आणि नंबर नकोत. ते त्यांचं बरोबरच होतं. मॅडमनी गोष्टींच्या पुस्तकांतून पानं काढून चार गठ्ठे केले: सुटे सोपे शब्द, काना-मात्रा-वेलांटीची छोटी वाक्यं, जोडाक्षरं असलेला परिच्छेद, आणि पूर्ण गोष्ट. कुठल्या मुलाला कुठल्या गठ्ठ्यातलं पान द्यायचं ते त्या आधीच ठरवून आल्या होत्या, वर्गाप्रमाणं नव्हे, त्या त्या मुलाप्रमाणं. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. एका कोपऱ्यात एक मूल, त्याच्या घरचं माणूस, आणि ऐकायला आमच्यापैकी कुणीतरी. बाकीची गर्दी पटांगणात लिंबाखाली. उन्हं तापायच्या आत उरकायचं म्हणून सकाळी लवकरच सुरुवात केली. सोलापूरचा मे आपल्याला काय नवा आहे.

मी ज्या सतरंजीवर होते तिथलं सांगते. तिसरीतली एक मुलगी, अक्षर मोत्यासारखं, वही बघत राहावी अशी. पहिल्या सत्रात भाषेला अ-२. वडील यंत्रमागावर, रात्रपाळी करून थेट आलेले. तिनं पान घेतलं आणि एकेक अक्षर सुटं वाचत गेली, ‘पा… व… सा… ळा’. फळ्यावरचं बघून सुंदर उतरवते, पण शब्द म्हणून वाचत नाही. वडिलांना मराठी वाचता येत होतं. ते चिडले नाहीत. पान तिच्या हातातून घेतलं, पहिली ओळ स्वतः वाचली आणि तिला म्हणाले, आता तू माझ्या मागनं म्हण. ती म्हणाली. दुसरी ओळ. तिसरी ओळ. मी वेळ बघून थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं.

आणि चौथीतला एक मुलगा. त्याचं लिखाण म्हणजे कोंबडीचे पाय, दरवर्षी क-१ च्या आसपास. त्याच्याबरोबर आजी आलेली. त्यानं गोष्ट अशी वाचली की कोल्ह्याचा आवाज वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. मध्ये थांबून आजीला तेलुगूत सांगत होता काय चाललंय ते. म्हणजे नुसतं वाचत नव्हता, कळून वाचत होता आणि दुसऱ्या भाषेत फिरवून सांगत होता. आजी शेजारच्या सतरंजीकडं वळून म्हणाली, “वाचायलाय की माझा नातू!” प्रगतीपुस्तकातल्या कुठल्याच रकान्यात हे बसत नाही. सरांनी त्याच दिवशी त्याच्या पुस्तकावर हातानं चार ओळी लिहून दिल्या.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’मध्ये, जे २०२१ ला सुरू झालं, तिसरी संपताना मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. आम्ही घड्याळ लावलं नाही. लावलं असतं तर आमची बरीच मुलं त्यात बसली नसती, हे मी इथं उघडपणे लिहितेय, कारण ते लपवून कुणाचंच भलं होणार नाही.

यावर नाराजीही झाली. एका पालकानं सरळ सुनावलं की आमच्या पोराला चारचौघांत खाली बघायला लावलं. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. लहान मुलाची लाज ही साधी गोष्ट नाही, एकदा वाचनाचा धसका घेतला की वर्षं जातात. म्हणूनच माईक नव्हता, नंबर नव्हते, प्रत्येकाला पेलेल असंच पान होतं. तरी सतरंज्या जवळजवळ होत्या, आवाज इकडचा तिकडं जात होता. पुढच्या वेळी वर्गखोल्या उघडून लांब लांब बसवायचं असं ठरलंय. पण वाचून घेणंच बंद करा, याला मी तयार नाही. मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार, तिथं चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात उभं करून वाचायला सांगणार, तिथली लाज याच्या कितीतरी पट मोठी. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षाही आहे, त्यात नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. चौथीचा दाखला हातात पडायच्या आत आईबापाला खरं कळलेलं बरं.

दुसरी शंका शिक्षकांच्या बाजूची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. असं उघड वाचून घेतलं की खापर शिक्षकांवर फुटतं. दोन शिक्षकांनी चार वर्ग बघायचे, त्यात मतदार याद्यांचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं. २०२५ पासून राज्यभर वार्षिक परीक्षेचं एकच वेळापत्रक आलं. पहिल्याच वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालली आणि एक मेला निकाल. मधल्या पाच-सहा दिवसांत पेपर तपासायचे, नोंदी करायच्या, पत्रकं भरायची. एप्रिलअखेर आमच्याकडची कितीतरी घरं तेलंगणात नातेवाइकांकडं गेलेली असतात, पोरांना परीक्षेपुरतं थांबवून ठेवायलाही शिक्षकांनाच दारोदार जावं लागतं. एवढं सगळं करून आमच्या मॅडमनी पानांचे गठ्ठे केले. तेव्हा व्हरांड्यात बसून ‘हिला तर वाचताच येत नाही, काय शिकवलं वर्षभर’ असं म्हणणाऱ्यांना मी तिथंच उत्तर दिलं, इथंही देते: वर्षभरात आपण घरी किती वेळा ऐकलं तिचं वाचन?

हा प्रकार आम्ही शोधून काढलेला नाही. गावांत ‘चावडी वाचन’ आहेच. मुलं चावडीवर किंवा देवळाच्या पारावर गावकऱ्यांसमोर वाचतात, बेरजा-वजाबाक्या करून दाखवतात. आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांनी वेगळं काही करून दाखवलं नाही असंही नाही. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला तो याच सोलापूर जिल्ह्यात राहून. शहरात मात्र चावडी नाही, आणि महापालिकेच्या शाळेबद्दल गल्लीला आपलेपणाही राहिलेला नाही. सकाळी व्हॅन येते, ज्याला परवडतं तो आणि ज्याला परवडत नाही तोही इंग्रजी माध्यमात घालतो. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणून शिक्षक पाडव्याला घरोघरी फिरतात, पत्रकं वाटतात. माझं म्हणणं, पत्रक राहू द्या, पोरांना वाचू द्या.

म्हणून समितीपुढं मी दोन गोष्टी मांडल्यात. एक, हे वाचन शाळापूर्व तयारी मेळाव्याला जोडायचं. एप्रिलमध्ये पहिलीत येणाऱ्या पोरांचा तो मेळावा असतोच, आया लेकरांना घेऊन येतात, भाषेचं, गणनपूर्व तयारीचं, शारीरिक विकासाचं अशी टेबलं मांडलेली असतात. तिथं चौथीच्या मुलांनी त्या बारक्यांना गोष्ट वाचून दाखवावी. जिनं अजून शाळा ठरवली नाही त्या आईला चौथीतलं मूल असं वाचताना दिसलं तर ती आपोआप नाव घालेल. दोन, निकालाची वाट न बघता दिवाळीच्या सुट्टीआधीही एकदा वाचून घ्यायचं, म्हणजे उरलेलं अर्धं वर्ष हातात राहतं. यासाठी वरून आदेश यायची गरज नाही. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. त्या आराखड्यात नळ, पत्रे, पंखे लिहितो तसं वाचनही लिहू.

आणि मे महिन्याचं. विडी वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. संध्याकाळी दारात सूप घेऊन बसलेल्या आईला मुलानं रोज एक पान वाचून दाखवायचं, एवढंच आम्ही निकालाच्या दिवशी सांगितलं. प्रत्येक घरात शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक दिलंय, दर रविवारी गल्लीतच आपसात बदलायचं. चौथीतून बाहेर पडलेल्या मुलींनी ही अदलाबदल सांभाळायची जबाबदारी स्वतःहून घेतली, माझीही त्यातच आहे.

पुस्तकं कमी पडताहेत. आठवड्याभरातच काही घरांतून दुसरं मागायला आले. तुमच्याकडं मोठ्या अक्षरांची, चित्रांची, पहिली ते चौथीला चालतील अशी गोष्टींची मराठी पुस्तकं पडून असतील, फाटकी नसतील, तर इनबॉक्समध्ये कळवा. तेलुगू-मराठी किंवा कन्नड-मराठी अशी दोन भाषांतली असतील तर आधी कळवा. सोलापुरात कुठूनही आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि तुमच्या शाळेत असं वाचून घेत असाल तर कसं घेता, मुलं बावरू नयेत म्हणून काय करता, ते खाली लिहा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर समितीची पहिली बैठक आहे, तिथं ते सगळं वाचून दाखवणार आहे.