त्या फिलिपिनो स्टुअर्डचंही नाव घ्या की

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. आमच्या जुन्या बोटवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी यूएसएस हार्डरची बातमी पुन्हा फिरवली. 1944 च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाजवळ 79 माणसांसकट बुडालेली अमेरिकन पाणबुडी, 2024 मध्ये 3 हजार फुटांखाली सापडली. खाली तिच्या कॅप्टन डीलीचा जयजयकार. मी सहज लिहिलं, त्या काळी अमेरिकन पाणबुड्यांवर फिलिपिनो स्टुअर्डही, म्हणजे ऑफिसरांना जेवण वाढणारी पोरंही बुडाली, त्यांचीही आठवण काढा. तर एक महाशय म्हणतात, "अरे, ते मेसबॉय रे!" वर दोन हसरे चेहरे.

माझ्या एका जहाजावर फिलिपिनो मेसमन होता. मी थर्ड इंजिनिअर, बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी. मी खाली उतरायच्या आत हा झोपेतून उठून कॉफी करून ठेवायचा, कुणी सांगितलेलं नसताना. त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ अमेरिकन पाणबुडीवर गेला तो गेलाच. कुठली पाणबुडी, तेही घरात कुणाला धड माहीत नाही. माहीत होणार कसं? 1942 पासून बेटांवर जपान्यांचा ताबा, अमेरिकेची तार येणार कुठून! आई बिचारी लढाई संपेपर्यंत वाट बघत बसलेली.

या पोरांना अमेरिकन नेव्हीने घेतलं, ते ऑफिसरांची ताटं वाढायला, बिछाने घालायला, बूट चमकवायला. कितीही हुशार असला तरी बढती स्वयंपाकघरातच. मात्र लढाईचा भोंगा वाजला की तोच पोरगा तोफेला गोळे पुरवायला डेकवर. पाणबुडी बुडताना ऑफिसरांची मेस वेगळी नसते हो! अमेरिकेच्या 52 पाणबुड्या गेल्या, साडेतीन हजार माणसं गेली. गॅलीतली, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातली माणसं त्यात धरायची की नाही?

बरं, पगार गावापेक्षा बरा होता, पोरं आपणहून जायची, मान्य. डीलीच्या हिमतीलाही सलाम.

पण आपण कुठल्या तोंडाने हसतो? रत्नागिरीचे खलाशी, गोव्याचे कुक-स्टुअर्ड ब्रिटिश बोटींवर टॉर्पेडो खाऊन बुडालेच ना? त्यांची चार नावं सांगा बरं.

मेसमन सांगायचा, 1 नोव्हेंबरला सगळं गाव स्मशानात जातं, कबरी धुतात, तिथेच जेवतात. ज्यांचं माणूस तिथे पुरलेलं नाही, ते मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावतात. त्याची आजी तिथे उभी राहून दिराशी चक्क भांडायची, म्हणे, पत्र का नाही टाकलंस. सांगताना तो हसायचा. मी पण हसलो होतो तेव्हा.

असो. राग उतरला थोडा.

मनिलाला कुणी जाणार असाल तर अमेरिकन सेमेटरीत, म्हणजे त्या लढाईतल्या सैनिकांच्या दफनभूमीत जाऊन या. बेपत्ता झालेल्या 36 हजारांवर लोकांची नावं तिथे भिंतींवर कोरली आहेत, हुद्द्यासकट. त्यात फिलिपिनो स्टुअर्ड शोधा आणि फोटो मला पाठवा. ग्रुपवर टाकायचं मी बघतो.