केवळ ग्रॅम मोजून फोर्क ठरवू नये
सायकलवरील एका लेखात क्रॉस-कंट्रीसाठी (डोंगराळ कच्च्या वाटांवरील सायकल शर्यतीसाठी) सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा आणि धक्के शोषणारा भाग, निवडताना वजन हाच पहिला निकष मानला आहे, आणि चढाच्या शर्यतीपुरता तो मान्य करता येईल. परंतु 32 मिमी व्यासाच्या नळ्यांचा, 100 मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) फोर्क आणि 34 किंवा 35 मिमी नळ्यांचा, 120 मिमी ट्रॅव्हलचा फोर्क यांच्या वजनात साधारण दीड-दोनशे ग्रॅमचाच फरक पडतो. उलट खडकाळ उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की बारीक नळ्यांचा फोर्क मागे लवतो आणि चाक ठरवलेल्या रेषेवरून ढळते, हे वजनदार चालकाला तर लगेच जाणवते. छापील वजनात स्टीअरर नळी (फोर्कची हँडलकडे जाणारी वरची नळी) कापलेली धरली आहे की अख्खी, हेही पाहावे. बऱ्याचदा सगळी गंमत तिथेच असते.

ट्रॅव्हल 20 मिमीने वाढवल्यास हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या, स्टीअरर बसते त्या नळीचा) कोन सुमारे एका अंशाने कलतो, म्हणून फ्रेमची मर्यादा आधी तपासावी. सायकलवर बसल्यावर 100 मिमीच्या फोर्कच्या नळीवरील, तो किती दबला ते दाखवणारी रबरी कडी साधारण 15 ते 20 मिमी सरकायला हवी. खडतर फेरीनंतरही ती निम्म्यावरच अडकलेली दिसत असेल, तर फोर्कमधील हवेचा दाब बहुधा जास्त आहे, आणि मग महागडा फोर्क नुसताच मिरवला जातो.