बाथरूम तीन दिवसांत होत नाही, आणि त्यासाठी पाणी पिणं थांबवायचं तर अजिबात नाही

गेल्या रविवारी डोंबिवलीला आत्याकडे गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते आणि टीपॉयवर सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ होता. आत्या 74 वर्षांची. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. ओठ सुकलेले, उठताना तिने भिंत धरली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, सवय करतेय. बाथरूमचं काम काढतोय ना, त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसं."

"एकच बाथरूम? घर सोडू नका, 3 दिवसांत नवं करा" असा तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज. मलाही चार ग्रुपवर आला होता, मी न वाचता पुढे गेलो, याचं आता वाईट वाटतंय. त्यात सल्ले असे: तीन दिवसांत सगळं उरकतं. जुन्या लाद्यांवरच नव्या बसवा, गळतीही थांबते. काम चालू असेपर्यंत घरच्यांनी पाणी कमी प्यावं, ज्येष्ठांनी तर संध्याकाळनंतर घेऊच नये. सोसायटीला कळवायची गरज नाही. शेवटी अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर घालून लाद्या घासा.

आधी पाण्याचं. वय झालं की तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडलं की प्रेशर उतरतं, उभं राहताना चक्कर येते, आणि तीही अशा घरात जिथे पॅसेजमध्ये डेब्रिजच्या गोण्या आणि पायाखाली ओला सिमेंटचा चिखल आहे. लघवीची गोळी शरीरातलं पाणी काढतच असते, वरून भर नाही. पाणी कमी आणि लघवी दाबून ठेवलेली, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. बद्धकोष्ठ वेगळंच. एवढं सगळं कशासाठी, तर संडासला जावं लागू नये म्हणून! सर्जिकल सामानाच्या दुकानात कमोड खुर्ची भाड्याने मिळते. खाली भांडं असतं, काढून धुता येतं. बेडरूममध्ये एका कोपऱ्यात पडदा लावला की झालं. आत्याच्या समोरच्या काकू तर स्वतःहून म्हणाल्या होत्या, आमच्याकडे या. आत्याला संकोच वाटला, आणि त्या संकोचाला या मेसेजने शहाणपणाचं नाव दिलं. माझा राग त्याचा आहे.

अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि लाद्या घासणारा माणूस खालीच बसलेला असतो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, एका झडपेच्या खिडकीशी. हा सल्ला ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी आजच फोन करून मागे घ्यावा.

आता तीन दिवस. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 456 (2000 चं) स्पष्ट सांगतं, साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओलं ठेवा, मिश्र सिमेंटचं किमान 10 दिवस. दुकानातून येणाऱ्या गोणीवर बहुधा पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं) लिहिलेलं असतं, ते मिश्रच. मानक काँक्रीटसाठी आहे हे मान्य, पण लाद्यांखालच्या कोब्यात तेच सिमेंट असतं आणि त्यालाही पाणी मारावंच लागतं. शिवाय वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मध्ये सुकायला वेळ, मग पाणी भरून दोन दिवस खालच्यांच्या छताकडे बघणं. आमच्या घरी 18 दिवस लागले होते आणि गवंडी कामचुकार नव्हता.

घर सोडावं लागत नाही, हे मात्र खरं आहे. वेस्टर्न कमोड असेल तर प्लंबर तो काढून संध्याकाळी पुन्हा बसवू शकतो, त्यामुळे अठरातले फार थोडे दिवस खरे अडचणीचे असतात. बैठं भांडं जमिनीत पक्कं असतं, ते एकदा फोडलं की गेलं. तेव्हा ते शेवटच्या टप्प्यात फोडायला सांगा. जुन्या लाद्यांवर नव्या बसवता येतात, हेही कबूल. ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला नाही तर चालतं, धूळही वाचते. पण गळती लाद्यांखाली असते, ती वरून झाकून थांबत नाही. तळ वर आल्यामुळे पाणी उंबऱ्याबाहेर येतं ते वेगळंच.

सोसायटीला कळवा. परवानगी घ्यावी लागते, आणि आपल्या बाथरूममधून खाली गळलं तर खर्च आपल्यालाच येतो.

आत्याचं काम सोमवारी सुरू होतंय. गवंड्याने 16 दिवस सांगितलेत, मी 20 धरलेत. खुर्ची शनिवारी नेऊन देतोय.